सहा काचपट्ट्या, मुलीच्या हवाली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, मेंदूच्या प्रयोगशाळेतील निवृत्त तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. याच डॉक्टरांनी माझ्या यजमानांना तपासून, "रिटायर झाल्यावर पुरुष होतातच असे," म्हणत टॉनिक लिहून दिले होते. तरी दाखला खरा मानावा. चुकून बरोबर आला आहे.

१. राहते घर, दोन खोल्या व सामान, माझ्या एकुलत्या एक मुलीला. बँकेत असेल तेही तिलाच.

२. काप काढण्याची माझी दोन पोलादी पाती माझ्या हाताखाली शिकलेल्या चष्मिसला. मेणात बसवलेल्या मेंदूचा केसाहून पातळ काप न फाटता उतरवणे तिलाच जमते. त्या पात्यांनी कोणी भाजी चिरली तर मी परत येईन.

३. नणंदेला काही नाही. यजमान आजारी असताना तिने चार पाहुण्यांसमोर ऐकवले, "वहिनी, म्हातारपणी माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो हो." त्यांचा खरा स्वभाव मी सदतीस वर्षे पाहिला होता. ते घड्याळे दुरुस्त करायचे, आणि गिऱ्हाइकाला घड्याळ परत देताना ते आधी स्वतःच्या कानाला लावून हसायचे. त्या हसण्यासाठी मी अजून कान टवकारून बसते.

४. माझ्या कपाटातील सहा काचपट्ट्यांची पेटी मुलीला. त्या काचांवर तिच्या वडिलांच्या मेंदूचे काप आहेत. पुढचे तिने नीट वाचावे.

तुझे वडील बदलले ते हळूहळू. दुसऱ्याच्या ताटातले उचलून खाऊ लागले. मयताच्या घरी शीळ घातली. तुझे बाळ जन्माआधीच गेले, तेव्हा तुझ्या उशाशी उभे राहून म्हणाले, "बरं झालं, रडारड वाचली," आणि तुझ्यासाठी आणलेले संत्रे सोलून खाल्ले. तू त्या दिवसापासून घरात आली नाहीस. त्यांच्या शेवटालाही नाही. मीही चौदा महिने अबोला धरला. कोणत्या पेशी झिजल्या की माणसाची लाज आणि माया जाते, हे नव्या डॉक्टरांना मी काचेवर बोट ठेवून दाखवत असे. तेच माझ्या घरात घडले, तेव्हा मी त्याला माज म्हटले. अबोला त्यांना कळलाही नाही. मी बोलले असते तरी कदाचित कळले नसते. पण मी बोलायला हवे होते.

ते गेल्यावर त्यांच्या मेंदूचे काप चष्मिसने काढले. "मॅडम, तुम्ही नका ना बघू," म्हणाली. मी पाहिले. कपाळामागच्या भागात पेशींची दाटी हवी, तिथे नुसती भोके.

हे मी तुला फोनवर सांगितले, तेव्हा तू म्हणालीस, "आई, बोलले ते त्यांच्याच तोंडाने ना?"

"अगं, आवरणारा भागच गेला होता त्यांचा."

"म्हणजे मनात होतंच. फक्त आवरलं नाही!"

मी फोन आपटला. आता कबूल करते, चौतीस वर्षे नोकरी करून मला याचे उत्तर माहीत नाही. काय झिजले ते काचेवर दिसते. कोण बोलले ते दिसत नाही. मी फक्त शपथेवर सांगते की तुझ्या पहिल्या तापात तीन दिवस तुला छातीशी धरून बसलेला माणूस तोच होता.

५. वकीलबाई म्हणाल्या, "अट घाला. काचपट्ट्या पाहिल्या तरच घर." मी नाही म्हटले. धाकाने कोणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर त्याला काय दिसणार? घर बिनशर्त.

६. माझा मेंदू प्रयोगशाळेला द्यावा. काप चष्मिसनेच काढावेत. तिरकस बोलण्याची जागा सापडल्यास नणंदेला कळवावे.

७. या मृत्युपत्राची एक प्रत मी आजच मुलीला पाठवत आहे. वकीलबाई हादरल्या: "अहो, जिवंतपणी कोणी मृत्युपत्र पोस्टात टाकतं का?"

मी टाकते. मेल्यावर ती कुलूप उघडायला येईल, त्याचा मला काय उपयोग? अगं, बाबांना माफ करू नकोस हवं तर. पेटीला हात लावू नकोस. भांडायला ये. पण ये.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई (सही), समोरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही). आपण मजकूर वाचला नाही, असे दोघांचेही म्हणणे आहे.

लिहून देणार: (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली. दिनांक: नऊ मार्च.