रविवारी पेटी बोलेल

रिसोड, मंगळवार, संध्याकाळ

मोबाइलवर विन्याची मुलाखत पाहिली. माझाच चेला, आता मोठा गिटारवाला. म्हणे, "गिटारचे हे उतरलेले सूर माझा स्वतःचा शोध आहे." शोध? अरे लबाडा! आमच्या भजनी मंडळाची पेटीच उतरलेली. मले कोण शिकवणार होतं? तिलेच खरी मानून गिटार लावली, अन् तशीच त्याले शिकवली. माझ्याच ओट्यावर, माझीच भाकर खाऊन. नाव घ्यायले जीभ जड झाली काय?

रविवारी गावात त्याचा सत्कार आहे. बायको म्हणते, "जाऊ द्या नं, लेकरूच हाय."

काहून जाऊ देऊ? तो वाजवून राह्यला की मी बाजूले पेटी उघडून बसतो. सूर जुळला की सारं मंडळ ओळखते. शोध म्हणे!

पेटीचा फाटका भाता आत्ताच सांधला. सूर मात्र तसेच उतरलेले ठेवले.