लेकीच्या शहरात हॉटेलात उतरलो

अण्णा, हैदराबाद पाहून आलो. तुम्ही आयुष्यात एकदाच गेला होतात, शिलाई मशीन आणायला, आणि त्या एका खेपेच्या भांडवलावर बोरीच्या दुकानात पुढची सगळी वर्षं गप्पा मारल्यात. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की टेप त्याच्या गळ्यात टाकून तुम्ही चारमिनारवर चढायचात. "हैद्राबाद ज्यानं पाह्यलं न्हाई, त्यानं काय पाह्यलं," हे ऐकून आमचे कान किटले होते. तेव्हापासून मनात होतं की कधी गेलो तर तुम्हाला सांगायचं, तुमचं खरं किती आणि तिखटमीठ किती. आता तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की तेव्हा पाळण्यात असलेल्या तुमच्या नातीचं लग्न होऊनही पाचवं वर्ष लागलंय. तिला हैदराबादलाच दिली होती. दिली होती असं लिहिताना हात अडला, पण क्रमानं सांगतो.

लेकीचं घर असताना आम्ही हॉटेलात का उतरलो, हे तुम्हाला तरी समजावायला नको. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही रीत तुम्ही पाळलीत, तशी मीही पाळली. आक्काला येलदरीला दिल्यावर मी तुमच्याबरोबर एसटीनं तिच्याकडे यायचो. तुम्ही तिच्या ओट्यावर टेकायचात, आत पाऊल टाकायचं नाही. मी लहान, मला रीत नव्हती. मी आत जाऊन समोर येईल ते खाऊन घ्यायचो, आणि तुम्ही धरणाच्या भिंतीकडे जाऊन फडक्यातली भाकरी सोडायचात. निघताना आक्का तांब्या घेऊन दारात उभी असायची आणि तुम्ही नुसते हात जोडायचात. पाचव्या वर्षी तिला मुलगा झाला, तेव्हा तुम्ही तिच्या घरी पहिल्यांदा पाटावर बसलात, शेवया मागून मागून घेतल्यात. परतीच्या गाडीत मला म्हणालात, "बापानं लेकीच्या दारात ताठ बसावं आन् ताठच उठावं. मंग तिला किंमत राहती." मला त्या दिवशी तुम्ही फार मोठे वाटला होतात. आमच्या घरात त्या रीतीची पुढं थट्टा झाली. दर रविवारी फोनवर तुमची सून लेकीला विचारायची, "मंग, आमाला जेवायला कधी बोलावतीस?" लेक हसायची, आम्हीही हसायचो, आणि फोन ठेवायचो.

तर हॉटेल. तुम्ही नामपल्लीच्या सराईत मशीनचं खोकं उशाला घेऊन झोपला होतात. आमच्यासाठी जावयानं मोबाइलवरून खोली ठरवली होती, सातव्या मजल्यावर, काचेची भिंत असलेली. दाराला कुलूप नाही, पत्त्याएवढं एक कार्ड, ते आतल्या खाचेत ठेवलं की दिवे लागतात. तुमच्या सुनेनं ते कार्ड हरवू नये म्हणून खाचेतून काढून कमरेच्या पिशवीत ठेवलं, तशी सगळी खोली अंधारली, आणि आम्ही दोघं अंधारात एकमेकांना दोष देत बसलो, शेवटी खालून माणूस वर आला. चादरी इतक्या पांढऱ्या की ती पहिल्या रात्री अंगावरचं लुगडं झटकून मगच पलंगावर बसली. सकाळी नाश्त्याला एवढे पदार्थ मांडलेले असायचे की काय घ्यावं कळेना. तिनं बरोबर आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि त्यांच्या दह्याशी खाल्ली. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, दौऱ्यावर विश्रामगृहांत झोपलो, पण अंघोळीला गरम पाणी संपतच नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला तिथं राजा झाल्यासारखं वाटलं.

चारमिनारबद्दल तुम्ही फेकलेली होती, हे आता ठामपणे सांगतो. वरून तुम्ही म्हणायचात तसा निम्मा मुलूख दिसत नाही. जिना एवढा अरुंद की समोरून माणूस आला तर पोट आत घ्यावं लागतं, आणि वर गेल्यावर तारा, स्कूटर, कबुतरं आणि फोटो काढणारी माणसं. पण खालच्या बाजारातल्या बांगड्यांची झगमग तुम्ही सांगायचात तशीच आहे, आणि इराणी हॉटेलातला चहा तर तुमच्या वर्णनाहून चांगला. संध्याकाळी तळ्यातल्या बुद्धाच्या मूर्तीपर्यंत नावेनं गेलो. एका रात्री जावयानं आम्हाला एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या हॉटेलात नेलं. गाण्याचा आवाज असा की टेबलावरचं पाणी थरथरत होतं, आणि पोरंपोरी हातात ग्लास घेऊन नाचत होती. तुमच्या सुनेसमोर पुदिना घातलेलं सरबत आलं तर तिनं आधी हुंगलं आणि मला हळूच विचारलं की यात 'तसलं' काही नाही ना. पदर डोक्यावर घट्ट ओढून बसली होती, पण टेबलाखाली तिच्या पायाचा अंगठा ठेका धरत होता, तो मी पाहिला. जावयानं चष्मा काढून पुसला. लेक त्याच्याकडे पाहून म्हणाली, "चष्मा कधी लागला तुला?" त्यानं तो घाईनं परत डोळ्यांवर चढवला. मग तीच हसली, म्हणाली, दोघंही कामात इतके बुडालेले असतो की घरात काय चाललंय कळतच नाही. आम्हीही हसलो. ते दोघं रोज वेगवेगळे यायचे, ती मेट्रोनं, तो गाडीनं. त्यालाही कारण कामाचंच होतं. शिंप्याचा पोरगा मी, दोन कपड्यांतलं अंतर मला लांबून कळतं. फोटोत ते दोघं शेजारी उभे राहायचे तेव्हा मध्ये किती जागा सुटायची, ते मला दिसलं नाही.

शेवटच्या दिवशी गोवळकोंडा. तुमच्या सुनेचे गुडघे दुखायला लागले, ती जावयाबरोबर खालीच बसली, आणि मी लेकीबरोबर वर चढलो. वरच्या कठड्याला टेकून ती बराच वेळ शहराकडे पाहत होती. मग म्हणाली, "पप्पा, आज माझ्या हातचं जेवता का? रीत एकदा बाजूला ठेवा." मला तुमची आठवण आली आणि छाती फुगली. मी तिला ओटा सांगितला, धरणाची भिंत सांगितली, फडक्यातली भाकरी सांगितली. वर म्हणालो, "तुझ्या आजोबानं पाच वर्षं पाळली, मग मीच का मोडू? तू नातू दाखव, मग ताटसुद्धा चाटून जातो." ती 'बरं' म्हणाली, एवढंच. उतरताना ती माझ्यापुढं होती, तिचा चेहरा मला दिसला नाही.

परत आल्यावर महिनाभरात तिचा फोन आला. आवाज अगदी सरळ, बँकेतली बाई बोलते तसा. गेल्या दिवाळीच्या आधीपासून ती वेगळी राहते, एका खोलीत. दोनदा पोटात राहिलं आणि दोनदा गेलं, आणि दुसऱ्यांदा गेल्यावर दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहवेना. भांडण नाही, मारहाण नाही, तो माणूस वाईट नाही. आईपप्पांना एकदा शहर दाखवू, मग सांगू, असं तिनंच त्याला विनवलं होतं आणि तो बिचारा रजा काढून आला होता. मी विचारलं, अगं, घर कसं दाखवणार होतात? ती म्हणाली, "तुमी घरी येत न्हाईत हे माहीतच होतं, पप्पा. म्हणून तर जमलं." मग म्हणाली की त्या दिवशी किल्ल्यावर मी हो म्हटलं असतं, तर ती मला खोलीवर नेऊन सगळं सांगणार होती. मेथी निवडून ठेवली होती. आणि दर रविवारी आई विचारते, जेवायला कधी बोलावतीस, तेव्हा काय सांगायचं असतं तिनं? तुमची सून शेजारीच बसली होती, फोनचा आवाज मोठा होता. त्या दिवसापासून ती फोनला हात लावत नाही.

कोणाशी तरी बोलावं म्हणून आक्काला फोन केला. वाटलं, ती धीर देईल. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अण्णाला बी कुठं काय कळलं होतं? वट्यावर बसून चूल दिसत न्हाई, भाऊ. मूल होईस्तवर चार वर्षं मला शिळं वाढायचे. अण्णा आले की धुतलेलं लुगडं नेसून मी तांब्या घेऊन भायेर." मी म्हणालो, मी तर आत यायचो, मला का दिसलं नाही? ती म्हणाली, तू लेकरू, तुला ताजं वाढायचे. अण्णा, तुम्हाला हे माहीत होतं का? आणि नव्हतं, तर त्या गाडीत मला जे सांगितलंत, ते कशाच्या जोरावर? मी तुमच्यावर चिडलोय असं समजा. चिडायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

मग मी एकटा पुन्हा गेलो. गाडीत ठरवलं होतं की दारातच पाणी मागायचं, रीत मोडायची, नातू असो नसो. मोठं काहीतरी घेऊन चाललोय असं मला वाटत होतं. तिची खोली एका जुन्या इमारतीत, गल्लीकडची. खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडाची कपडे वाळत घातलेली दोरी दिसते. पाणी मागितलं, तिनं दिलं, मी प्यालो. तिनं ताट वाढलं, मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. पहिला घास घेऊन मी म्हणालो, "घे, आज मोडली बघ रीत." ती तव्यावरची भाकरी उलटत होती. मागं न पाहता म्हणाली, "कसली मोडली, पप्पा? ती रीत सासरच्या घराची. हे सासर कुठं हाय? इथं तुमाला काहीच आडवं येत न्हाई." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तो घास कितीतरी वेळ तोंडात फिरत राहिला. नंतर मी म्हणालो, बोरीला चल, घर मोकळंच आहे. तिनं विचारलं, "तिथं तुमी लोकाला काय सांगायलात?" काय सांगतो ते तिला माहीत होतं. गावात मी अजून सगळ्यांना हैदराबादेतल्या तळ्याच्या आणि दिव्यांच्या गप्पा मारतो, अगदी तुमच्यासारख्या, आणि लेक मजेत आहे म्हणतो. तिनं ताट उचललं आणि मला स्टेशनवर पोचवायला आली. मी पुन्हा कधी येणार, हे तिनं विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

आता आमच्या घरात दोन माणसं आहेत आणि दोघंही एकमेकांना काही विचारत नाहीत. चहा होतो, दिवा लागतो, दिवस जातो. पुढं काही चांगलं होईल असं मला वाटत नाही, आणि वाटून घ्यायची ताकदही नाही. हे कागद तुमच्या सुनेच्या हाती लागण्याआधी चुलीत घालीन, तुम्हाला ते पोचायचे नाहीतच. म्हणून एक सांगून टाकतो, जे लेकीसमोर या जन्मात बोलणार नाही. हॉटेलातले ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. सगळं कळल्यावरही ते मला खोटे वाटत नाहीत. लेक तिकडं एकटी रडत राहिली असती आणि मला कधी काही कळलंच नसतं, तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.