यंदा सत्कार नको

प्रिय दादा,

मृतांना पत्रे लिहिणे मला भाबडेपणाचे वाटते, म्हणून वर्षभर हा मोह मी कटाक्षाने टाळला. पण काल शेजारचा महेश सैन्यातून रजेवर आला आणि आपल्या ओट्यावर येऊन बसला. उठताना एवढेच म्हणाला, "आत्या, सव्वीस जानेवारीचा माझा सत्कार तेवढा रद्द करा. आन् सुभेदारकाका कुटल्या डॉक्टरकडं जात हुते?"

हे तुला नाही, तर कोणाला सांगू?

आपल्या गावाला माया करण्याची एकच रीत ठाऊक: शाल, श्रीफळ आणि कर्णा. तू सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आलास, गप्प झालास, भरल्या ताटावरून उठू लागलास. आणि आम्ही काय केले? आणखी सत्कार! मानपान मिळाला की तू सावरशील, अशी आमची ठाम समजूत. शेवटी शालींचे कपाट बंद होईना आणि तू ओसरीवर येईनास.

मग एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून तू पौडच्या एसटी स्थानकाकडे निघालास. कुठे, विचारले तर म्हणालास, "पुन्याला. मनाच्या डॉक्टरकडं." भाजी आणायला निघाल्यासारखा! मी लवळ्याच्या विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवते. तरीही प्रवचन न देता मी तिकिटाचे सुट्टे पैसे तुझ्या हातावर ठेवले. माझ्या बाबतीत हे किती दुर्मीळ, ते तू जाणतोस.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात सरपंचांनी नेहमीप्रमाणे पराक्रमाची गोष्ट मागितली, आणि तू प्रथमच माइक हातात घेतलास. तू सांगितलेस: सरहद्दीजवळच्या तपासणी नाक्यावर एक गाडी थांबली नाही. तू गोळीचा हुकूम दिलास. आत आजारी मुलीला दवाखान्यात नेणारा बाप होता, तो गेला.

"चौकशीत हुकूम बरोबर ठरला. पर ती पोरगी माझ्याकडं बगत हुती, त्याची चौकशी कुनी केली न्हाई."

मागून गावातला टवाळ भिवा ओरडला, "सुभेदार, डोक्यावर परिनाम झालाय म्हनं तुमच्या?"

"झालाय की! म्हून तर गोळ्या घेतोय. तू बी एकदा तपासून घे लेका."

पटांगण हसले. मग तू म्हणालास, "दरसाली पराक्रम इचारता. त्या डॉक्टरच्या दारात पाय टाकाया जेवढं बळ लागलं, तेवढं सरहद्दीवर लागलं न्हाई."

दादा, मी नामांकित वक्ते ऐकले आहेत आणि बहुतेकांत खोट काढली आहे. त्या दिवशी खोट शोधायचेच विसरले. हा माणूस इतकी वर्षे माझ्याच पंगतीत जेवत होता?

तू पूर्ण बरा झालास, असे मी म्हणणार नाही. ती मुलगी तुझ्या स्वप्नात येतच राहिली. पण तू ताटावरून उठेनासा झालास. ही केवढी गोष्ट!

एक तक्रार मात्र आहे. दवाखान्यात मला एकदाही बरोबर नेले नाहीस. "तू डॉक्टरलाच शिकवशील," म्हणायचास. बाहेरच्या बाकावर गप्प बसले असते रे! निदान प्रयत्न केला असता.

आज सरपंचांना सांगून आले, यंदा महेशचा सत्कार नको. "म्याडम, शाल आनून ठिवलीया की!" ते कुरकुरले. म्हटले, राहू द्या. तो मागेल तेव्हा द्या.

महेशने काय पाहिले, काय केले, मला ठाऊक नाही. गुरुवारी सकाळच्या एसटीने त्याला पुण्याला तुझ्याच डॉक्टरकडे नेणार आहे; तू धरायचास ती खिडकीची जागा त्याला देईन. तो आत जाईल, मी बाहेरच्या बाकावर बसेन. आणि तो बाहेर आल्यावर, त्याने आपणहून सांगेपर्यंत, एकही प्रश्न विचारणार नाही. मी, दादा! शब्द देते.

तुझी चिकित्सक बहीण,
शकू