पिंकीच्या उशाची धूळ

॥ श्री ॥

तात्यापारा, रायपुर
६ जानेवारी २०१४

चि. शर्मिष्ठा हीस काकाचे भरभरून आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळे मजेत, असं लिहायची सवय आहे, पण यंदा हात धजत नाही. शेखरची पिंकी दिवाळीपासून खोकून राहिली आहे. सहा वर्षांची पोट्टी. संध्याकाळी माझ्याजवळ बसून माझ्या शाळेतल्या जुन्या कविता म्हणते, तर दोन ओळींत दम लागतो. तू या वयाची असताना दुसऱ्या कडव्यावर थांबायचीस, पण ते पाठ नसायचं म्हणून!

माझा संशय आभाळावर आहे. आमच्या लहानपणी या गच्चीवर चांदण्यात पुस्तक वाचता यायचं. राजधानी झाली, शहराबाहेर भट्ट्या वाढल्या, आणि आता सकाळी अनवाणी वर गेलं की तळवे काळे. म्हणून पिंकीच्या खोलीच्या खिडक्या आम्ही फटींत कापूस कोंबून बंद केल्या. तुझी काकू तिला दोन्ही वेळा निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकून धुरी देते, आपल्या घरात सगळ्या लेकरांना दिली तशी.

तू धुळीची तपासणी करतेस असं शेखर सांगत होता. म्हणून दोन पुड्या पाठवतो. 'अ' गच्चीवरची. 'ब' तुलनेसाठी, घरातल्या सगळ्यात शुद्ध जागेची, म्हणजे पिंकीच्या उशाशी असलेल्या फळीवरची. 'अ' वाईट निघाली तर शेखर मुलीची शाळा सोडवून तिला त्याच खोलीत ठेवणार आहे. तेव्हा उशीर करू नको.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
चारुदत्तकाका


पुणे
२१ जानेवारी २०१४

तीर्थरूप काकांच्या चरणी शर्मिष्ठाचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. पुड्या पोचल्या. दुसरं कडवं अजून येत नाही, हे कबूल करून टाकते.

आम्ही शोधतो ती मुक्त मूलकं. जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे कण. धुराची, भट्टीची धूळ ओलाव्यात भिजली, जसा छातीत असतो तसा, की ही मूलकं जन्मतात, समोर येईल त्याला ओरबाडतात आणि पापणी लवायच्या आत संपतात. इतक्या अल्पायुषी गोष्टीला यंत्र पाहणार कसं? म्हणून नळीत आधी सापळा घालतो. सापळा म्हणजे एक रेणू, त्या मूलकाला धरून ठेवणारा. धरलेली जोडी काही मिनिटं टिकते. नळी मोठ्या चुंबकाच्या मध्ये ठेवली की कागदावर चार शिखरं उमटतात, मधली दोन उंच. शिखरं जितकी वर, तितकी मूलकं जास्त.

नुसत्या पाण्याची रेघ सपाट आली. 'अ'ची शिखरं आली, तुमचा संशय खोटा नाही. मग 'ब' लावली आणि मला वाटलं, काकांनी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. ताजा सापळा घेऊन पुन्हा केलं. 'ब'ची शिखरं 'अ'च्या कितीतरी वर जातात.

काका, ती धूळ नाही, काजळी आहे. धुरीची. कापूस कोंबलेल्या खोलीतून ती बाहेर जाणार कुठून? धुरी आजच्या आज थांबवा. नळीत दिसलं ते पिंकीच्या छातीत घडतंच आहे असं मी म्हणू शकत नाही, ते डॉक्टर सांगतील. पण तिला लगेच दाखवा. काकू रागावतील, रागावू देत.

तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपली,
शर्मिष्ठा


तात्यापारा, रायपुर
९ फेब्रुवारी २०१४

चि. शर्मिष्ठा हीस आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र दिवेलागणीला आलं. तेव्हा आत धुरी चालूच होती. मी उभ्या उभ्या वाचलं आणि धुपाटणं उचलून अंगणात नेऊन पाणी ओतलं. काकू कडाडली, की शेखरले याच धुरीवर वाढवला, तो काय मेला, आणि तिकडे पुण्यात बसून ही पोट्टी माझ्या निखाऱ्याले काहून नावं ठेवते. दोन दिवस माझ्याशी अबोला होता. तिसऱ्या दिवशी उठली आणि कुणाला न सांगता त्या खोलीच्या भिंती पुसायला बसली. बादलीतलं पाणी पाहिलं, तशी तिथेच फरशीवर बसून राहिली.

डॉक्टरांनी पिंकीला वाफेचं औषध लावलं आहे. छातीत आतून सूज आहे, हवा बदला, म्हणाले. आम्ही कापूस काढून खिडक्या उघडल्या. सकाळी तिच्या पांघरुणावर बोट फिरवलं तर काळी रेघ उठली. 'अ'चीही शिखरं आली होती, हे तू स्पष्ट लिहिलं होतंस. मीच ती ओळ घाईत ओलांडून गेलो.

तेव्हा पिंकीला तुझ्याकडे पाठवतो. शेखर रजा घेऊन सोडायला येईल. काकूनं तिच्या पिशवीत ओव्याची पुडी घातली, मग आपणच काढून घेतली.

काल पिंकीनं मला विचारलं, की इथली हवा खराब आहे तर आजी-आजोबा इथेच काहून राहून राहिले. मी हसून दुसरंच काही बोललो. काकू मात्र पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडायला गेली असं पिंकीला वाटलं.

शर्मिष्ठा, दोन्ही वेळा त्या निखाऱ्यांवर वाकून फुंकर तीच घालायची. शेखरच्या वेळेपासून. पुडी भरताना तिच्या छातीचा विचार मला आलाच नाही, आणि आता ती पदरात खोकते, मला ऐकू जात नाही असं समजून.

पोरीला सांभाळ. आमच्यावर जीव असू दे.

तुझा,
चारुदत्तकाका