इथं मराठीत बोलायचं

बाबा,

आज अमरावतीच्या कॉलेजात टेक्सासचा इतिहास शिकवला. अमेरिकेतला सरहद्दीवरचा मुलूख. मेक्सिकन माणसं तिथं आधीपासून शेती करून, गुरं राखून होती. गोरे मागाहून आले, जमिनी घेतल्या, आणि मग त्या जुन्या लोकांनाच आळशी, घाणेरडे, चोर म्हणू लागले. त्यांच्या पोरांनी शाळेत स्पॅनिश शब्द काढला की मार बसायचा. मी हे दरवर्षी शिकवतो. आवाज कापत नाही. आज मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, मार खाऊन बी बोलतच कावून होते?" मी म्हणालो, "घरची भाषा होती." पोरं लिहून घेऊ लागली, आणि मला परतवाड्याचं बस स्टँड दिसलं.

मी लहान आहे. मेळघाटातून, आजीच्या गावाहून आपण परतलोय. तुम्ही लाकडाच्या डेपोत हमाल. मुकादम तुम्हाला "ए जंगल्या" अशी हाक मारतो आणि तुम्ही "जी" म्हणता. मी गर्दीत मागे राहतो, घाबरतो, तुम्हाला आपल्या घरच्या भाषेत, कोरकूत, ओरडून बोलावतो. माणसं हसतात. तुम्ही येता आणि माझ्या तोंडात मारता. "इथं मराठीत बोलाचं. समजलं काय तुले?" त्याच संध्याकाळी आईनं चुलीपाशी कोरकूत काही विचारलं, तर तुम्ही तिलाही थांबवलंत. "पोराले शाळेत घालून राहिलो. त्याले कोनी जंगली म्हनलं नाही पायजे." पुढं घरात मराठीच राहिली. आई कमी बोलायला लागली, एवढंच. आणि मला खरंच कुणी जंगली म्हटलं नाही.

आज तास संपल्यावर मेळघाटातली, धारणीकडची एक मुलगी थांबली. हळूच कोरकूत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मग मराठीत म्हणाली, "सर, तुमी कोरकूच ना? तुमचे बाबा माह्या आबासंग डेपोत होते म्हने." मी "हो" म्हणालो. कॉलेजात पहिल्यांदाच. ऊर भरून येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती "बरं" म्हणाली आणि मेसकडे गेली. मीही चहा प्यायला गेलो.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही जाऊनही फार वर्षं झाली. हे कुठं पाठवायचं नाही. फक्त एक सांगतो. "हो" म्हणण्याआधी व्हरांड्यात कुणी ऐकतंय का, ते मी बघून घेतलं होतं.