शाळेच्या व्हरांड्यातला माठ

बाई, तुमच्या शाळेचं आम्ही संग्रहालय केलं, आणि त्या कामानं माझं असं डोकं उठवलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरातले आता ऐकत नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही तरी मध्येच उठून जाणार नाही.

शाळा बंद पडली ते तुम्ही पाहिलं नाही. पोरं पिवळ्या बसमध्ये बसून खामगावच्या इंग्रजी शाळांत जायला लागली, पट घसरत गेला, उरलेली पोरं शेजारच्या गावच्या शाळेला जोडली आणि वर्गांना कुलूप लागलं. मैदानात लोक सोयाबीन वाळवायला लागले. मी नर्सची नोकरी संपवून गावात परतले, तेव्हा ग्रामसभेत विषय निघाला की इमारत पाडण्यापेक्षा तिथे गावाचं संग्रहालय करू, एका वर्गात वाचनालय, एका वर्गात बचत गटाची मसाल्याची चक्की, हॉलमध्ये गावाच्या बैठका. मी खुशीत हात वर केला. तो हात तेव्हा खाली ठेवला असता तर आज माझं बीपी बरं असतं. लोकांना सांगितलं, जुन्या वस्तू आणून द्या. लोकांनी अडगळ आणून टाकली. जात्यांचा ढीग झाला. बंद रेडिओ आले, बिनकाचेचे कंदील आले. एकजण मोडका कूलर घेऊन आला. मी म्हटलं, "भाऊ, हा कुठं जुना?" तर म्हणतो, "ताई, ठेवा ना. होईन की जुना."

समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातल्या कृषी केंद्राचे मालक. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्ट रंगवून हवी असते. ऑफिससमोरच्या व्हरांड्यात त्यांना रंगीत बैलगाडी उभी करून सेल्फी पॉइंट करायचा होता. मी म्हटलं, तिथे माठ होता, तिथे माठाचीच गोष्ट सांगायची. ते म्हणाले, "कोणता माठ?"

कोणता माठ! बाई, तुम्ही लोणारकडून बदली होऊन आलात तेव्हा तो माठ त्या व्हरांड्यात तिवईवर होता. बाकीची पोरं त्यात ग्लास बुडवून पाणी प्यायची. आमच्या वस्तीतल्या पोरांनी पायरीखाली ओंजळ धरून उभं राहायचं आणि शिपायानं वरून ओतायचं. शिपाई कामात असला तर तहान घेऊन वर्गात बसायचं. तुम्ही आमच्यासारख्याच घरातल्या, हे तुम्ही यायच्या आधीच गावाला कळलं होतं. मधली सुट्टी आहे. तुम्ही वर्गातून निघता, तिवईजवळ जाता, ग्लास माठात बुडवता आणि सगळ्यांदेखत पाणी पिता. मग तोच ग्लास पुन्हा भरून माझ्यासमोर धरता. मी सवयीनं ओंजळ पुढे करते. तुम्ही माझ्या हातांवर फटका मारता. "हात कशाला पसरतेस? वर ये आणि ग्लास धर." त्या पाण्याची चव मला आठवत नाही, फटका आठवतो. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा आणि माठ फुटलेला. हेडमास्तर सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "नोकरी करायला आलात की गाव पेटवायला?" संध्याकाळी तुम्ही कुंभाराकडून नवा माठ आणलात आणि त्याच तिवईवर ठेवलात. पोरं कुरकुरत परत आली. घरी किती बसतील! उन्हाचे दिवस होते, त्याच माठातलं पाणी प्यायला लागली.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तसं काही आपल्या गावात नव्हतं."

"मंग मी काय खोटं सांगून राह्यली?"

"तसं नाही हो. पाव्हणे येतीन, लेकरं येतीन. चांगलं-चांगलं दाखवू ना. जुनं काऊन उकरता?"

"संग्रहालयात जुनं नाही तर काय ठेवता? कूलर?"

तेव्हा अध्यक्षांची चुलत बहीण बोलली. ती माझ्याच वर्गातली, लग्नही गावातच झालेलं. बचत गटातर्फे समितीवर आली होती आणि तोवर तिनं चहाखेरीज कशात लक्ष घातलं नव्हतं. "होतं ना," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी आजीनं मले शाळेत जाऊ देलं नाही. आणि माठ कोणं फोडला तेही मले माहीत हाय. माह्या मोठ्या काकानं. अजून सांगू काय?" मोठे काका म्हणजे अध्यक्षांचे वडील. अध्यक्ष वर पंख्याकडे पाहत राहिले.

तुम्हाला वाटेल, झालं काम. कसलं काय! बैलगाडी गेली, तिवईवर माठ आला, आणि मागच्या भिंतीवर अध्यक्षांनी पाटी रंगवून घेतली, 'येथे सर्व समाजाची मुले गुण्यागोविंदाने पाणी पीत.' मी तोंडाला फेस येईपर्यंत भांडले. उत्तर एकच, अक्षरं सुकली, आता कशी पुसता? मी बैठकांना जाणं सोडलं. उद्घाटनाला केवळ लोक नावं ठेवतील म्हणून गेले. पाहते तर माझी वर्गमैत्रीण त्या पाटीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेली. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होती, "ते वाचू नका, इकडं या, मी सांगते." तेव्हापासून दर रविवारी ती तिथे बसते. अध्यक्ष मागच्या दारानं ये-जा करतात.

पण बाई, ती सांगते काय! म्हणते, तुम्ही पांढरी साडी नेसला होतात. शाळेच्या त्या धुळीत पांढरी साडी? म्हणते, नवा माठ तुम्ही डोक्यावर आणला. तो कुंभाराच्या सायकलला बांधून आला, तुम्ही मागून चालत होतात. आणि फटका तर तिनं गाळूनच टाकलाय. तिच्या गोष्टीत तुम्ही मला पायरीवरून हाताला धरून वर घेता, डोक्यावरून हात फिरवता आणि म्हणता, "पी, माय." तिथेच उभी होती ती तेव्हा, सगळं डोळ्यांनी पाहिलंय, आणि तरी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला टोकायला पुढे झाले होते.

हे लिहिलेलं मी समितीच्या कपाटात ठेवणार नाही. अध्यक्षांच्या हाती लागलं तर काचेत लावतील आणि खाली आणखी एक पाटी रंगवतील. माझ्या घरीच पडून राहील. एक मात्र तुम्हालाच सांगते. परवाच्या रविवारीही मी तिच्या मागे खांबाला टेकून उभी होते. "पी, माय" आलं, आणि मी टोकलं नाही. खरं तर तेवढं ऐकायलाच मी जाते.