हालाझी बँडच्या ड्रमरची शेवटची वाटणी

मी, अनेस्तिस पांदेलिस साराफिदिस, वय वर्षे शहात्तर, एके काळी ड्रमर, नंतर ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, राहणार कालामारिया, थेस्सालोनिकी, नोटरी श्रीमती थेओनी माव्रिदू यांना माझ्या राहत्या घरी, तीन साक्षीदारांसमक्ष, तोंडी सांगतो ते असे की, माझं डोकं ठिकाणावर आहे. पाय नाहीत, म्हणून बाईंना जिना चढून यावं लागलं. यापुढे "स्वखुशीने व कोणाच्याही दबावाखाली न येता" असं लिहायची पद्धत आहे. बाईंनी ते लिहिलंही होतं, मी खोडायला लावलं. माझ्यावर माझ्या मुलीचा दबाव आहे आणि तो कागदावर आलाच पाहिजे.

मला एकच अपत्य. गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "बाबा, मृत्युपत्रात नुसतं 'माझी मुलगी' असं लिहाल तर मी कोर्टात जाऊन वारसा नाकारीन. घर सरकारला जाईल. मला द्यायचं असेल तर नावानं द्या." ती बंदरावर कस्टममध्ये आहे, बोलते ते करते. तिचं म्हणणं असं, की मी तिला जन्मात कधी नावानं हाक मारलेली नाही. हे खरं आहे. मी पोरी म्हणतो, अगं म्हणतो. बायको होती तोवर तिच्याकडे बघून 'तुझी मुलगी' म्हणायचो, आणि बायको आम्हा दोघांच्या मधे पडायला नको म्हणून तिला 'चिमणे' म्हणायची.

आता कायदा असा, की वारसाचं नाव नोटरीला माझ्या तोंडून ऐकावं लागतं. ओळखपत्र दाखवून भागत नाही, मी विचारून पाहिलं. तेव्हा बाईंनी जिथे जिथे तिचं नाव यायचं तिथे जागा कोरी सोडली आहे. मुलगी स्वयंपाकघरात बसली आहे, दार लावून. वारसाला या खोलीत बसता येत नाही.

कलम १. याआधी मी स्वहस्ते एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात हे घर नगरपालिकेच्या बँडला दिलं होतं. ते रागात केलं होतं आणि त्या बँडचा बिगुल ऐकण्याआधी केलं होतं. ते रद्द समजावं.

कलम २. घर. ही जागा माझ्या आईबापांना निर्वासित म्हणून मिळाली. वरच्या दोन खोल्या बापानं बांधल्या, तळघर त्यानं दारूच्या पिंपांसाठी खणलं. पिंपं काही आली नाहीत, आम्ही आलो. १९७० साली त्या तळघरात हालाझी बँड सुरू झाला. हालाझी म्हणजे गारपीट. शेजारच्या बाईनं पहिल्याच दिवशी वरून ओरडून विचारलं होतं की गारा पडतायत की काय, तेच नाव राहिलं. आम्ही चौघं. गिटारवर फोतिस, तो आता मेलबर्नला बेकरी चालवतो. बेसवर इसाक, तो वारला. ऑर्गनवर लाझारोस हाजिसाव्वास, तो आत्ता माझ्यासमोर खुर्चीत बसला आहे आणि छताकडे बघतो आहे.

घर माझ्या मुलीला, ............ हिला. तळघरातली ओल मी असेतो गेली नाही, तिनं उगाच पैसे घालू नयेत.

कलम ३. ड्रम. मोठा ड्रम फुटका आहे, झांजा चांगल्या आहेत. ते गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेला द्यावेत. एक गोष्ट मात्र देऊ नये: आईचं भाजायचं पत्र्याचं तबक. ते मुलीनं ठेवावं. माझा पहिला ड्रम तो. आई कणीक मळताना त्याच्या कडेवर बोटं वाजवायची, तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन. सात मात्रा. तिच्या गावाकडच्या गोल नाचाचा ताल होता. ते गाव समुद्रापलीकडे राहिलं आणि ताल तेवढा बोटांत घेऊन ती आली.

लाझारोस संगीतशाळेत शिकलेला. त्याला इंग्लंडातल्या बँडांसारखं वाजवायचं होतं, अवघड. एक दिवस त्यानं कागदावर सात मात्रांचा तुकडा लिहून आणला आणि मला म्हणाला, महिनाभर सराव कर, मग जमेल. मी लगेच वाजवून दाखवला. तो थक्क झाला. मी म्हणालो, वर जा आणि आईला विचार. तो गेला, तिच्याकडे दुपारभर बसला, पाठीवर आईच्या हाताचं पीठ घेऊन खाली आला. त्या दुपारीच आमच्या बावीस मिनिटांच्या गाण्याचा मधला भाग झाला. समुद्रातल्या एका मुलीचं गाणं ते, पुढे लोक आम्हाला त्याच एका गाण्यासाठी ओळखू लागले.

कलम ४. दोन्ही रेकॉर्डींवरचा माझा हक्क. एका जर्मन कंपनीनं त्या पुन्हा काढल्या आहेत, वर्षाकाठी एका बऱ्या जेवणापुरतं येतं. हा हक्क मुलीला, ............ हिला.

हक्क कसला, ते तिला कळावं म्हणून सांगतो. तेव्हा लष्कराचं राज्य होतं. गाण्याचे शब्द आधी तपासायला द्यावे लागत. आमच्यात शब्द कमीच. तपासणाऱ्या साहेबानं दहा मिनिटं ऐकून विचारलं, गाणं कुठं आहे? लाझारोस अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, अजून सुरू व्हायचंय. साहेबानं शिक्का मारला. पोरांना आमचं वेड लागलं, कारण ज्यात शब्द नाहीत त्यात ज्याला जे हवं ते ऐकू येतं. रविवारी सकाळी सिनेमागृहं भरायची. अथेन्सला बास्केटबॉलच्या मैदानात वाजवलं. लाझारोस झगा घालायचा. उन्हाळ्यातसुद्धा.

मग एकदा वेरियाजवळच्या एका गावानं, पीचच्या बागांचं गाव, जत्रेला बोलावलं. आम्ही सात मात्रांवर आलो आणि समोरच्या बाया उठल्या. हातात हात धरले, रिंगण केलं आणि नाचू लागल्या. इंग्लंडात ज्या तालाला लोक डोकं खाजवतात त्यावर आमच्या मावश्या सहज पाय टाकतात, हे लाझारोसला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ऑर्गन थांबवला आणि माइकवर सांगितलं की हे नाचायचं संगीत नाही. पुढची म्हातारी म्हणाली, "मग तू बस. ढोलवाल्या, तू चालू ठेव रे." मी चालू ठेवलं. आयुष्यात इतका आनंद मला परत झाला नाही. 

लष्कर गेलं आणि आमचा बाजार उठला. आता लोकांना मुठी वर करून म्हणता येतील अशी गाणी हवी होती. आमचं बावीस मिनिटांचं गाणं बाराव्या मिनिटाला शिट्ट्या मारून बंद पाडायचे. तरी आम्ही तिसऱ्या रेकॉर्डला हात घातला होता. पेपरात नंतर छापून आलं की हालाझी संगीतविषयक मतभेदांमुळे फुटला. ते साफ खोटं आहे. हालाझी चर्चमध्ये फुटला.

कलम ५. ऑर्गनचं कपाट. लाझारोसच्या ऑर्गनला एक लाकडी कपाट जोडायचं असतं, त्यात भोंगा गरगर फिरतो, त्यानंच त्याच्या आवाजाला लाटा येतात. बँड फुटला तेव्हा ऑर्गन त्याच्याकडे होता आणि कपाट माझ्या तळघरात. मी दिलं नाही. त्यानं मागितलं नाही. कपाटाशिवाय तो ऑर्गन म्हणजे मीठ नसलेली आमटी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

हे कपाट त्याला देता येत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे मी मुद्दाम केलं. निरोप पाठवताना स्पष्ट कळवलं होतं: साक्षीला आलास तर कपाट गेलं, नाही आलास तर कपाट तुझं. मला वाटलं होतं येणार नाही. आज सकाळी बाईंच्या आधी येऊन दारात उभा होता, कोट घालून. म्हणून कपाट मुलीला, ............ हिला. पुढे ती ते कुणाच्या घरी पाठवते याची चौकशी कुणी करू नये.

कलम ६. राग. हा मी कुणालाही देत नाही, पण त्याची नोंद व्हावी.

आमच्यात मुलाचा धर्मबाप झालेला माणूस आईबापांचा कुंबारोस होतो. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुंबारोसशी नाही. मुलगी झाली तेव्हा तिच्या बाप्तिस्म्याला मी लाझारोसला धर्मबाप केलं, कारण मला तो भावापेक्षा आवडायचा. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, ही रीत. माझ्या आईचं नाव सेवास्ती. मी त्याला ते नाव सांगितलं, वाटेत पुन्हा सांगितलं, चर्चच्या पायरीवर तिसऱ्यांदा सांगितलं. त्यानं मान हलवली. आईनं नवे काळे बूट घातले होते आणि ती पुढे उभी होती, आपलं नाव ऐकायला.

पाद्रीनं धर्मबापाला विचारलं, नाव काय? आणि या माणसानं आमच्या गाण्यातल्या त्या समुद्रातल्या मुलीचं नाव सांगितलं.

पाद्रीनं तेच उच्चारून पोरीला तीनदा पाण्यात बुडवलं. आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "चांगलं नाव आहे. कुणाचं आहे?" मी म्हणालो, गाण्यातलं आहे, आई. "बरं," म्हणाली, आणि भट्टीवाल्याकडून कोकरू भाजून आलं का ते बघायला घरी गेली. दुसऱ्या आठवड्यात अथेन्सला रेकॉर्डिंग होतं. मी गेलो नाही.

सरकारी नोंदीत नाव बदलता आलं असतं. मी कागद आणलेही होते. आईनं ते उचलून ठेवले. म्हणाली, "एकदा पाण्यातून हाक मारलीय पोरीला. आता तिला परत बुडवू नकोस." ती मरेपर्यंत नातीला पूर्ण नावानं हाक मारायची, एक अक्षर न गाळता. मला जमलं नाही. ते नाव ऐकलं की मला आईचे बूट दिसायचे.

हे कलम बाईंनी वाचून दाखवलं तेव्हा लाझारोस बोलू लागला. बाई म्हणाल्या, साक्षीदारांनी बोलायचं नसतं. मी म्हणालो, बोलू द्या, आणि लिहा.

तो म्हणाला, "तू काय समजतोस, मी विसरलो? विसरलो नव्हतो. ते गाणं तुझ्या आईनंच दिलं होतं मला, त्या दुपारी. पोरगी हातात घेतली आणि माझ्या तोंडी तेच नाव आलं. चूक झाली असं मी आजही म्हणणार नाही. तुझ्या आईला वाईट वाटलं, त्याचं मात्र मला रोज वाईट वाटतं."

मला हे पटलेलं नाही. तेही लिहावं.

कलम ७. मला आईशेजारी ठेवावं. आमच्याकडे तीन वर्षांनी कबर उघडून हाडं काढून पेटीत ठेवतात, ती वेळ येईल तेव्हा मुलीनं एकटीनं उभं राहू नये, लाझारोस जिवंत असेल तर त्याला सोबत न्यावं. अंत्यविधीला आमची रेकॉर्ड लावू नये. बावीस मिनिटं उन्हात कुणाला उभं करू नका.

कलम ८. वारसाचं नाव. वर तीन ठिकाणी जागा कोरी आहे. बाई म्हणतात, आता सांगा, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी पाणी मागितलं. साक्षीला आलेल्या शेजारच्या रोदोपीबाईंनी दिलं, ते प्यायलो. कस्टममधली माझी पोर नाकारीन म्हणाली म्हणजे नाकारणार. मग बापानं बांधलेल्या खोल्या सरकारच्या, आणि माझी मुलगी शेवटपर्यंत बिननावाची.

लाझारोस म्हणाला, "मी सांगू?"

मी म्हणालो, "तू एकदा सांगितलंस, तेवढं पुरे."

नोटरीची नोंद: यानंतर मृत्युपत्रकर्त्याने खुर्ची स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे वळवून घेतली आणि मोठ्याने "गालातिया" अशी हाक मारली. तिन्ही साक्षीदारांनी ती स्पष्ट ऐकली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मृत्युपत्रकर्त्याने पुन्हा "गालातिया, अगं गालातिया" अशी हाक मारली. "काय बाबा?" असे उत्तर आले. "काही नाही, इकडे ये," असे मृत्युपत्रकर्त्याने सांगितले. कोऱ्या जागा त्याप्रमाणे भरल्या. वारसास खोलीत थांबता येत नाही हे सांगणे माझे कर्तव्य होते. ते मी काही वेळाने सांगितले.

स्थळ: कालामारिया, थेस्सालोनिकी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३

मृत्युपत्रकर्ता: अनेस्तिस पां. साराफिदिस (सही)

साक्षीदार:
पारिस दोइत्सिनिस, औषध दुकानदार (सही)
रोदोपी तेर्झिदू, शेजारीण (सही)
लाझारोस हाजिसाव्वास, संगीतशिक्षक, निवृत्त (सही, दुसऱ्या प्रयत्नात)

नोटरी: थेओनी माव्रिदू (सही व शिक्का)